थोरलीचं माहेर

उमरठच्या वर, मामाच्या वाडीत, गोठ्याला लागून पत्र्याची एक लांबलचक शेड आहे आणि त्या शेडमध्ये एक लाँच उभी आहे. होय, लाँच. लाकडी, डिझेल इंजिनाची, खाडीत चालणारी. तिथून सगळ्यात जवळची खाडी म्हणजे डोंगर उतरायचा, पोलादपूर मागं टाकायचं, महाड ओलांडायचं, तेव्हा कुठं दासगावाला पाणी दिसतं. वाडीत पहिल्यांदा येणारा माणूस शेडच्या दारात थबकतो, आत बघतो, परत बाहेर डोंगराकडे बघतो आणि हळूच विचारतो, "ही इथं कशी?" आमची माणसं सरळ तोंडानं सांगतात, "थोरली माहेराला आलीय."

शिमग्याच्या आधी सुरेशचा फोन आला. सुरेश माझा मामेभाऊ, माझ्याहून बराच धाकटा; मामा गेल्यापासून घर, शेती, सगळं तोच बघतो. म्हणाला, "ताय, थोरली देऊन टाकतोय. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याला शब्द दिलाय. शिमगा झाला की त्याचा ट्रक यील. बघायची आसंल तर येऊन जा."

"हॉटेलवाला काय करणार तिचं?"

"मधोमध कापनार. पुढच्या अर्ध्याचा काउंटर, मागच्या अर्ध्यात टेबलं टाकनार."

यावर माझ्या तोंडून जे निघालं ते फक्त शिमग्यातच शोभलं असतं. फोन ठेवला, पिशवी भरली आणि ठाण्याहून निघाले.

शेडचं दार सुरेशनं ढकललं आणि तोच वास आला. मुशीचं तेल, राळ, जुनं डिझेल. मुशी म्हणजे तो शार्क मासा. त्याच्या काळजाचं तेल लाकडाला फासतात. ज्याला सवय नाही त्याला त्या वासानं मळमळतं. मला भूक लागते. लहानपणी त्या वासात बसून नाचणीची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी इतक्या वेळा खाल्लीय की माझ्या पोटाला दुसरं काही ठाऊकच नाही.

ती होती तशीच होती. पुढं उंच, वर उचललेली नाळ. मधे गरोदर बाईसारखं भरलेलं पोट. मागं निमुळती होत गेलेली कंबर. सागाच्या लांब फळ्या नाळेपासून सुकाणूपर्यंत अशा वळत गेलेल्या की कुठं सुरू झाल्या आणि कुठं संपल्या ते हात फिरवल्याशिवाय कळत नाही. मी हात फिरवला आणि तिथंच थांबले. दोन फळ्यांच्या मधून पलीकडचं ऊन दिसत होतं. एका फटीतून नाही, सगळ्या फटींतून. आत उभं राहिलं तर अंगावर उन्हाच्या रेघा पडत होत्या.

मामी दारातच पायरीवर बसली होती. तिनं वर न बघता विचारलं, "दिसलं का गो बाय तुला?"

"दिसलं."

"आमीच मारली तिला. तहानेनं."

ते समजायला थोरलीची कुळकथा सांगायला हवी. मामा तरुणपणी वाडीतल्या बाकीच्या पोरांसारखाच मुंबईला गेला, पण गिरणीत न शिरता भाऊच्या धक्क्यावर लाँचीवर लागला. डोंगरातला पोरगा, ज्यानं तोवर पाणी पाहिलं ते फक्त वरून पडताना! पण तिथं तो असा काही रमला की चार-पाच वर्षांनी परत आला तो एकच हट्ट घेऊन : आपली लाँच बांधायची, सावित्रीच्या खाडीत चालवायची. आजोबांनी आधी त्याला वेड्यात काढला आणि मग आमच्याच डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीतले साग त्याला दाखवले. आजोबांच्या बापानं लावलेली झाडं ती. ती तोडून, बैलांनी ओढत सडकेला आणली, दासगावाला खाडीकाठी नेली आणि तिथल्या सुतारांनी पावसाळ्याच्या आधी पठाण टाकून, पावसाळ्यानंतर लाँच उभी केली. पठाण म्हणजे तळाचा तो एक लांब, जाड लाकडी कणा, ज्याच्यावर सगळा डोलारा. कागदावर तिचं नाव देवाचं होतं. पण सोबत एक छोटी होडी होती, माणसं काठावर उतरवायला. तिला सगळे धाकली म्हणत. मग ही थोरली.

पण खरी गंमत आजीनं केली. तिचं म्हणणं, आपल्या रानातली लाकडं, आपल्या अंगणातून गेली, म्हणजे लेकच दिली की आपण! आणि लेक दिली म्हणजे तिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? पावसाळ्यात लाँच काठावर ओढून, झावळ्यांनी शाकारून ठेवायचे आणि दसऱ्याच्या सुमाराला परत पाण्यात लोटायचे. त्या दिवशी वाडीतल्या बायका डोंगर उतरून दासगावाला जायच्या. खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. नाळेला खण बांधून थोरलीची ओटी भरायची. आणि वाडीतल्या झऱ्याचं पाणी तांब्याच्या तांब्यातून न्यायचं, निम्मं पठाणावर ओतायचं, निम्मं तांब्यातच ठेवायचं. खाडीकाठचे कोळी हसायचे. "डोंगरवाल्यांनो, पान्याला पानी कशाला आनता?" आजी ठसक्यात सांगायची, "सासरचं पानी कितीबी गोड आसलं तरी माहेरचा घोट लागतोच." आणि तिथं काठावर सासरहून आलेल्या ज्या बायका उभ्या असायच्या त्यांचे डोळे भरून यायचे. मी चोळीपरकरातली, नारळाच्या खोबऱ्यावर डोळा ठेवून उभी असायची.

तो उरलेला निम्मा तांब्या मामा सुकाणूच्या चाकाशेजारी एका आकड्याला टांगायचा. वर्षभर तो तिथंच. बाकीचे लोक समजायचे देवाचं काहीतरी असेल. मामा मला म्हणाला होता, "देवाचं कसलं डोंबल! हा माझा मास्तर हाय. तांब्या सांडला तर चूक माझी, लाटंची नाय."

दासगावाहून बाणकोटपर्यंत थोरली जायची. भरतीचं वेळापत्रक हेच तिचं वेळापत्रक. त्या प्रवासाचं मी काय सांगू! पहिला हँडल, दुसरा हँडल, मग काळ्या धुराचा एक गोळा आणि डग-डग-डग-डग असा आवाज जो पायातून पोटात आणि पोटातून दातांत जायचा. टोपल्यांत सुकट, पायांशी कोंबड्या, कुणाची नवी ट्रंक, कुणाची नवी नवरी. दोन्ही काठांना कांदळवन, मधेच चिखलात एका पायावर उभा बगळा. खाडी आतल्या बाजूला अशी शांत की थोरलीच्या मागं उमटलेली रेघ काठापर्यंत जाऊन भिडताना दिसायची. एवढ्यावर कुणी समाधान मानावं. पण थोरली काय चीज आहे ते शांत पाण्यात कळत नाही.

ते कळायचं खाली, मुखाशी. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो आणि त्याच वेळी ओहोटी लागलेली असली की नदीचं पाणी बाहेर धावतं आणि वारा त्याला आत ढकलतो. दोघं भांडायला उठले की मधे पाणी उभं राहतं. लांब, डुलणाऱ्या लाटा नव्हेत. आखूड, उभट, एकीच्या पाठीवर दुसरी. अशा पाण्यात कितीतरी होड्या मागं फिरताना मी पाहिल्यात.

एकदा मी, आई आणि पन्नासेक माणसं अशाच पाण्यात सापडलो. पहिली लाट दिसली तेव्हा आईनं माझं डोकं पदरात घेतलं. मी पदराच्या भोकातून बघत होते. मामानं इंजिन कमी केलं. लोक ओरडले, "अरे, पळव, पळव!" तो ऐकेचना. लाट जवळ आली तशी त्यानं नाळ जराशी कलती धरली, छाती द्यायची नाही, खांदा द्यायचा. थोरली वर चढली. आणि चढताना ती लवली, बाई! खरंच लवली. फळ्या एकमेकींवर कुरकुरल्या, अख्खं अंग लाटेच्या अंगाला लागून वळलं, आणि माथ्यावर गेल्यावर ती आपटली नाही, बसली. एखादी पोक्त बाई हातात भरला घडा घेऊन पायरी उतरते तशी ती पलीकडं उतरली. खळग्यात गेल्यावर मामानं इंजिन दिलं, पुढच्या लाटेआधी परत काढून घेतलं. घाटात भरली गाडी उतरताना बैल आवरतात ना, कासरा ना ढिला ना ताठ, तेच. पाण्यात शिकला मुंबईला, पण हात डोंगरातलाच होता त्याचा.

किती लाटा झाल्या कुणास ठाऊक. एक कोळीण टोपलीला मिठी मारून सगळ्या देवांना नवस बोलत होती. मी मात्र तांब्या बघत होते. तो झुलत होता, पाणी काठापर्यंत येत होतं आणि परत आत जात होतं. पलीकडं पोचलो तेव्हा एक थेंब खाली नव्हता. मामा घामानं निथळत होता. त्यानं नाळेवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "माझं कायबी नाय. हीच करते. मी नुसता आड येत नाय."

आता मी फायबरच्या स्पीडबोटीत बसते, मुरुडला नाहीतर अलिबागला, पोरं हौसेनं नेतात. धाड, धाड, धाड! प्रत्येक लाटेवर कानफटात मारल्यासारखी आपटते, मणके खिळखिळे. वेग आहे, मान्य. पण तिला लाट कळतच नाही. लाकूड मुळात जिवंत असतं, त्यानं वारा खाल्लेला असतो, झाड असताना वादळात वाकलेलं असतं. थोरली आमच्या डोंगरावर जे शिकली तेच तिनं बाणकोटला केलं, असं मला आजही वाटतं. पोरं हसतात. हसू देत.

मग पूल झाले. खाडीच्या दोन्ही अंगांनी एसट्या धावू लागल्या. माणसं कमी झाली, मग माल कमी झाला, मग थोरली काठावर नुसती उभी राहू लागली. भंगारवाला येऊन ठोकून बघून गेला. ते आजीच्या कानावर गेलं. आजी तेव्हा अंथरुणाला लागलेली, पण जीभ शाबूत. "सासरचं सरलं तर लेकीनं जावं कुठं? हिकडं आना." मामानं समजावलं, आई, ती होडी आहे, गाय नाही. आजी भिंतीकडं तोंड करून झोपली ती जेवेचना. झालं. ट्रकवर चढवून थोरली आली. सडक तेव्हा जिथं संपायची तिथून पुढं ओंडक्यांवरून, दोरखंड लावून, अख्खी वाडी ओढत होती. मुंबईची चाकरमानी पोरंसुद्धा रजा टाकून आलेली. पोलादपुरात लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. आजीला उचलून उंबऱ्यात आणून बसवली, तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला.

मामा होता तोवर तो तिला भिजवायचा. ओली पोती, रोज चार हंडे पाणी. तो गेल्यावर मात्र सगळ्यांनी तिला फार जपलं. आमच्याकडं पाऊस म्हणजे आभाळ फाटल्यासारखा. भात, पेंढा, सरपण, जे जपायचं ते कोरडं ठेवायचं, हेच आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. मामी एक थेंब गळू देईना. पत्र्याला भोक दिसलं की सुरेशची खैर नसायची. वरून ताडपत्री, बाहेरून तेल, फुलांच्या माळा. दर दसऱ्याला इंजिनाची पूजा करून सुरेश हँडल मारायचा, पिंपातून नळीनं त्याला पाणी पाजायचा, आणि डोंगरावर पाणी कापायचा पंखा हवेत गरगर फिरायचा. तळीये गावावर दरड कोसळली त्या पावसात तर वाडीतल्या बायका पोरांना घेऊन थोरलीत येऊन बसल्या होत्या. डोंगर आला तर होडी काय करणार? पण बसल्या. इंजिनाला पाणी मिळालं, माणसांना आसरा मिळाला, फक्त फळ्यांना कुणी पाणी पाजलं नाही, आणि त्या सुकून आखडल्या.

त्या दुपारी मामी आणि सुरेशचं जे वाजलं ते मी पायरीवर बसून ऐकलं.

"कापायला द्यायची नाय," मामी म्हणाली.

"आये, माझी पोरं मुंबैला. उद्या मी नसलो तर कोन बघनार? वाळवी खाईल. निदान हाटेलात लोकं बघतील तरी."

"लोकांनी तिच्यावर ग्लास ठेवावं म्हनून बापानं बांधली व्हती? तिला पान्यात ने."

"चाळन झालीय तिची! बुडंल."

"बुडाली तर तिच्या घरात बुडंल."

सुरेश माझ्याकडं वळला. त्याला वाटलं, मी त्याची बाजू घेईन. मी म्हटलं, "घाबरतोस तिला." लागलं त्याला. कारण खरं होतं. मामानं त्याला कधी चाक धरू दिलं नव्हतं. नुसतं बाजूला उभं राहून बघ म्हणायचा. बघण्यातच बालपण गेलं आणि थोरली डोंगरावर आली. त्यानं थोरलीच्या एका फटीत बोट घालून पाहिलं. मग म्हणाला, "ठीक हाय. पान्यावर उचलली, चालली, तर मी माझा शब्द फिरवीन. नाय उचलली तर ट्रक दासगावातनंच उचलंल. मग कोनी रडायचं नाय."

शिमग्याला वाडीची मुंबईकर पोरं आलेलीच होती. होळी झाली आणि गुलालाच्या अंगांनीच त्यांनी दोर धरले. महाडहून हायड्रा क्रेन आली. मामी ट्रकच्या केबिनमध्ये, मांडीवर ओटीचं सामान आणि तो तांब्या. दासगावाला फटींत नवा कापूस आणि राळ भरली, नाळेला खण बांधला, ओटी भरली, झऱ्याचं निम्मं पाणी पठाणावर ओतलं आणि भरतीला तिला काठाशी उतरवली.

ती बुडाली. सरळ, शांतपणे, चारही अंगांनी पाणी घेत तळाच्या चिखलावर जाऊन बसली. फक्त नाळ आणि तिच्यावरचा हिरवा खण वर राहिला. इंजिन आधीच काढून ठेवलं होतं म्हणून बरं. सुरेशनं खिशातून फोन काढला.

"ठेव तो," मामी म्हणाली. "पिऊ दे तिला. एवढ्या वर्सांची तहान हाय." पण म्हणताना तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. तिलाही ठाऊक नव्हतं.

भरत्या आल्या, ओहोट्या गेल्या. दर ओहोटीला आम्ही काठावर जाऊन बघायचो. आधी फटींतून पाणी धारांनी गळायचं, मग झिरपायचं. नंतर एका ओहोटीला ती उघडी पडली तेव्हा आतलं पाणी आतच होतं. बाहेर येईना! मामीनं फळ्यांवरून बोट फिरवलं, सांध्यावर थांबली, परत फिरवलं. फळ्या पाणी पिऊन फुगल्या होत्या, नख शिरत नव्हतं. पोरांनी बादल्यांनी पाणी उपसलं, इंजिन बसवलं आणि आम्ही पाण्याची वाट बघत बसलो. भरती चढली. पठाणाखालचा चिखल तिला सोडेना. पाणी फळ्यांवर चढत गेलं, वर, अजून वर. मी डोळे मिटले. चिखलाचा एक मोठा चुबुक असा आवाज आला आणि पोरांनी जी बोंब ठोकली ती होळीला ठोकली नव्हती.

पण चालायचं राहिलं होतं. सुरेशनं चाक धरलं. आम्ही ओहोटीबरोबर खाली निघालो, जिथं खाडी रुंदावते तिथवर, आणि दुपारचा वारा समोरून आला. लाटा बाणकोटच्या मानानं पोरसवदा, पण उभट, तशाच. सुरेशनं घाबरून इंजिन वाढवलं. थोरली पहिल्या लाटेवर धाडकन आपटली, पाणी सगळ्यांच्या तोंडावर, आणि आकड्यावरचा तांब्या भडाभडा सांडला.

सुरेशनं तांब्याकडं पाहिलं. मग त्याचा हात हळूच मागं आला. डग-डग मंद झालं. पुढची लाट आली आणि त्यानं नाळ कलती केली, खांदा दिला. आणि ती लवली. तीच कुरकुर, तेच अंग वळवणं, तेच अलगद बसणं. मला रडू फुटलं, मोठ्यानं, लाज सोडून. मामी नाळेवर थापा मारत होती. सुरेश लाटेमागून लाट घेत होता, खळग्यात देत होता, माथ्यावर सोडत होता. तांब्यात जेवढं उरलं होतं तेवढं तिथंच झुलत राहिलं. त्याच्या तोंडावर जे हसू होतं ते मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. एका हातानं चाक, दुसऱ्या हातानं कानाला फोन. वाऱ्यात हॉटेलवाल्याचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. त्याचा ट्रक वाडीत पोचला होता आणि शेड रिकामी होती. तो तापला होता. शब्द दिला होता, ट्रकवाला दारात उभा आहे, होडी गेली कुठं?

सुरेशनं येणारी लाट खांद्यावर घेतली, ती पार होऊ दिली आणि मग म्हणाला,

"माफ करा शेट. थोरली सासरी गेली."